बालवाडी म्हणजे खिचडीवाडी नव्हे!

जून महिना उजाडला की पुण्यातील वस्त्यावस्त्यांतून रंगीत फलक झळकू लागतात. दांडेकर पूल असो, जनता वसाहत असो, ताडीवाला रोड असो, कासेवाडी असो की येरवडा-बोपोडी असो. दोन खोल्यांच्या घरावर 'नर्सरी, ज्युनिअर केजी, सिनियर केजी, इंग्लिश मीडियम' असा फलक लागतो आणि धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी, बिगारी काम करणारी आमची आई-बहीण पोटाला चिमटा घेऊन तेथे फी भरते. तीन-चार वर्षांच्या लेकराच्या पाठीवर दप्तर, गळ्यात टाय आणि पायात बूट चढतात. पोरगं शिकेल, साहेब होईल, या एका आशेवर ती माउली हे सारे करते. त्या आशेची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ती आशा बाबासाहेबांनी तिच्या पदरात घातलेली आहे. परंतु त्या दोन खोल्यांत तिच्या लेकराला नेमके काय शिकवले जाते, हे पाहण्याची जबाबदारी मात्र आपण सर्वांनी टाळली आहे, असे आम्हाला खेदाने म्हणावे लागते.

मध्यंतरी पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत आमचे जाणे झाले. एका आजीने मोठ्या कौतुकाने नातीला पुढे केले. "दादा, आमच्या पोरीला शंभरपतोर येतं. म्हन गं बाय." पोरीने डोळे मिटले आणि एका दमात वन टू पासून हंड्रेडपर्यंत म्हणून दाखवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी चिंचोक्यांची वाटी होती. आम्ही ती पोरीपुढे ठेवली आणि म्हटले, "बाळ, यातले सात चिंचोके मला दे." पोरीने आमच्याकडे पाहिले, आजीकडे पाहिले आणि मूठभर चिंचोके आमच्या हातावर ठेवले. मोजले तर बारा निघाले. आजी हिरमुसली. आम्ही तिला सांगितले, आजी, चूक पोरीची नाही. तिला शंभर शब्द पाठ करायला लावले, पण सात म्हणजे किती हे कोणी दाखवलेच नाही.

हा प्रसंग एका पोरीचा नाही. आमच्या समाजाच्या शिक्षणाचा पाया कोठे पोकळ राहतो, ते त्या वाटीतील चिंचोक्यांनी दाखवून दिले. अंक म्हणणे वेगळे आणि मोजणे वेगळे. एका वस्तूला एकच अंक, एकही वस्तू सुटायची नाही, एकही दोनदा मोजायची नाही, आणि शेवटी जो अंक उच्चारला तो सगळ्या ढिगाचा, ही समज आली म्हणजे मूल मोजायला शिकले. सात खडे पसरून ठेवले काय आणि ढीग करून ठेवले काय, सातच राहतात, हेही लहान मुलाला आपोआप कळत नाही. हाताळून हाताळूनच कळते. कमी-जास्त, लांब-आखूड, जड-हलके, आधी-नंतर, सारख्याला सारखे लावणे, हे सारे गणितच आहे. बेरीज-वजाबाकी त्याच्या फार नंतर येते. ज्याला हे आले नाही त्याच्या हातात पहिलीत गणिताचे पुस्तक द्यायचे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलायचे.

आणि ही समज काही श्रीमंतांची मक्तेदारी नाही. या पुण्यात १९९३ साली कचरावेचक भगिनींची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्या नावाकडेच नीट पाहा. कागद वेगळा, काच वेगळी, पत्रा वेगळा! वर्गीकरण ही गणिताची पहिली पायरी आहे आणि ती आमच्या माता रोज उकिरड्यावर उभ्या राहून चढत असतात. त्यांच्या शेजारी बसलेले पोर बाटलीचे झाकण आणि बाटली ओळखते, जड पोते आणि हलके पोते ओळखते, दहाची नोट आणि पन्नासची नोट ओळखते. हे ज्ञान घेऊन ते बालवाडीत येते. तेथे त्याला सांगितले जाते की तुला काहीच येत नाही, ही पाटी घे आणि एक ते पन्नास उतरव. असे शिकवणे म्हणजे मुलाला जे येते तेही पुसून टाकणे होय.

अक्षरओळखीचीही तीच तऱ्हा. पेन्सिल धरण्याइतकी बोटे तयार झालेली नसतात, तोच ए टू झेड उतरवण्याची सक्ती सुरू होते. मातीचे गोळे, कागद फाडणे, मणी ओवणे, रांगोळीचे ठिपके जोडणे यांतून बोटे तयार होतात. गोष्टी ऐकणे, बडबडगीते म्हणणे, कोडी घालणे यांतून कान तयार होतात. 'कप'मधला आणि 'कमळ'मधला पहिला आवाज एकच आहे, हे कानाला कळल्याशिवाय 'क' हे अक्षर म्हणजे नुसती एक वेडीवाकडी रेघ असते. ज्या घरात पुस्तके असतात तेथे हे काम आईबापांच्या मांडीवर होऊन जाते. ज्या घरात आई पहाटे पाचला बाहेर पडते, तेथे ते काम बालवाडीने केले पाहिजे. बालवाडीची खरी गरज आमच्या मुलांना आहे, ती याच कारणासाठी.

यात भाषेचा प्रश्न फार नाजूक आहे. आमचे मूल 'पानी' म्हणते, 'व्हतं' म्हणते, 'आनलं' म्हणते. कोणा घरात वडारी बोलतात, कोणा घरात गोरमाटी, कोणाची आई कर्नाटकातून आलेली तर कोणाची बिहारमधून. बाई हसल्या की वर्ग हसतो आणि वर्ग हसला की मूल गप्प होते. गप्प झालेले मूल वाचायला शिकत नाही, कारण वाचणे म्हणजे शेवटी बोलण्याचेच कागदावर उतरलेले रूप आहे. मुलाची बोली आधी स्वीकारायची आणि तिचा हात धरून त्याला प्रमाण भाषेकडे न्यायचे, हा साधा मार्ग आहे. 'न' आणि 'ण' यांच्यामध्ये ज्यांनी शतकानुशतके जात उभी केली, त्यांच्याकडून आम्ही हे शिकण्याची वाट पाहायची काय?

येथे २०१९ सालच्या जून महिन्याची आठवण करून देणे आम्हाला आवश्यक वाटते. पुण्यातील बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक', 'बासष्ट'ला 'साठ दोन' असे वाचण्याची पद्धत दिली आणि महाराष्ट्रभर टिंगलीचा पूर आला. विधिमंडळात विनोद झाले, वृत्तवाहिन्यांवर चर्चा झडल्या, मराठी बुडाली म्हणून आरोळ्या उठल्या. गणित समितीच्या अध्यक्षा दिवंगत मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या भाषांत दशक आधी आणि एकक नंतर बोलले जाते. मराठीत मात्र उलटे आहे. मूल 'सत्तावीस' ऐकते तेव्हा कानावर आधी सात पडतो आणि लिहायचा असतो आधी दोन. म्हणून ते ७२ लिहून ठेवते. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतो आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. यात मुलाची बुद्धी कमी नसते, शब्दांची घडणच अवघड असते. जुने शब्द टाकून द्यावेत असे आमचे म्हणणे नाही. ते आपलेच आहेत, बाजारात तेच चालतात. परंतु पायरी म्हणून एक सोपा शब्द जोडीला दिला तर बिघडले कोठे? आमचा सवाल एवढाच आहे की, त्या वेळी जे सर्वांत मोठ्याने हसले, त्यांच्यापैकी किती जणांची नातवंडे मराठी शाळेत 'एकवीस' म्हणत होती? बहुतेकांच्या घरी 'ट्वेंटी वन'च चालू असणार. म्हणजे ज्यांच्या मुलांना दशक आधी शिकण्याची सोय विकत मिळाली, त्यांनी आमच्या मुलांना ती फुकट मिळू नये म्हणून भाषेचा झेंडा उचलला, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यायचे?

हे पुणे शहर शिक्षणाचे माहेरघर म्हणवते. ते माहेर कोणी बांधले? १८४८ साली याच शहरातील भिडेवाड्यात महात्मा जोतीराव फुले आणि क्रांतिज्योती सावित्रीमाई यांनी मुलींची शाळा काढली. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांच्याच शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये आपल्या लोकांच्या दुःखाचा निबंध लिहिला. शिकायला लागून थोडीच वर्षे झालेली ती पोर! योग्य शिक्षक मिळाला तर आमचे लेकरू काय करू शकते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मागणी केली ती बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची. आणि त्याच निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, कष्टकरी समाजात मिसळणारे असावेत, त्यांना नीट पगार मिळावा, असेही त्यांनी बजावले. वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर रयतेचा पैसा उधळायचा आणि खालचा पाया कोरडा ठेवायचा, हा धंदा त्यांनी तेव्हाच उघडा पाडला होता.

बाबासाहेबांनीही हेच दुखणे पकडले होते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. शाळेचा उंबरठा ओलांडून आत आलेले प्रत्येक मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. आज जवळपास शंभर वर्षे होत आली. मुले शाळेत टिकतात हे खरे. पण टिकून काय होते? 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. पूर्वी मूल शाळेबाहेर जाऊन निरक्षर राहत होते, आता शाळेत बसून निरक्षर राहते. तिसरीत हे लक्षात येते, पण बिघडलेले असते तिसऱ्या वर्षापासून!

कायद्याने तर आमच्या या लेकरांशी सरळ दगाबाजी केली आहे. मूळ राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे म्हटले होते. त्यात खालच्या वयाची मर्यादा नव्हती. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ही तरतूद केवळ प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित करण्याची सूचना आली, तेव्हा बाबासाहेबांनी ती फेटाळली. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला जुंपायचे नाही तर त्याला शिक्षणातच ठेवले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला तो सहा ते चौदा या वयाला. सहा वर्षांखालील मुलांच्या वाट्याला राज्य 'प्रयत्न करील' एवढे शब्द आले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय सरकार 'करू शकेल' असेच आहे, 'करील' असे नाही. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला गेला, २०२१ मध्ये 'निपुण भारत' आले, २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' आले. घोषणांना तोटा नाही. परंतु घोषणा हा हक्क नसतो. हक्क असला तर न्यायालयात जाता येते. घोषणेवर फक्त टाळ्या वाजवता येतात.

आणि हे पायाभूत काम करायचे कोणी? अंगणवाडी सेविकेने! २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून ती 'मानधना'वर आहे. पुणे महापालिकेच्या बालवाडीताईंचीही कथा वेगळी नाही. वजन घ्या, लस द्यायला बोलवा, आहार वाटा, नोंदवह्या भरा, 'पोषण ट्रॅकर'वर माहिती चढवा, आणि यातून वेळ उरला तर मुलांना शिकवा! दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत एका बाजूला धान्याची पोती आणि दुसऱ्या बाजूला मुले. मग लोक तिला 'खिचडीची शाळा' म्हणतात आणि टाय-बूटवाल्या फलकाकडे वळतात. दोष सेविकेचा नाही, तिला शिक्षिका न मानणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये काय घडले पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर महापालिकेने भिडेवाडा ताब्यात घेतला, मोडकळीस आलेली वास्तू उतरवली आणि तेथे सावित्रीमाईंचे स्मारक करण्याचा मार्ग मोकळा झाला. आम्हाला त्याचा आनंदच झाला. पण त्याच डिसेंबरात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मानधनवाढ, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतनासाठी संपावर गेल्या आणि पन्नासहून अधिक दिवस रस्त्यावर राहिल्या. ग्रॅच्युइटीचा त्यांचा हक्क तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला होता. एकीकडे सावित्रीमाईंच्या दगडी स्मारकाची घोषणा आणि दुसरीकडे सावित्रीमाईंचे काम करणाऱ्या बायका उपाशी आंदोलनात! शेण झेलणाऱ्या सावित्रीमाईंना हार घालणे सोपे असते, त्यांच्या लेकींना पगार देणे अवघड जाते.

बालशिक्षणाने काय साधते याची साक्ष बाहेरच्या जगातही आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली पहिले 'बालकांचे घर' उघडले ते रोमच्या सान लोरेंझो या गरीब मजूरवस्तीत. आज पुण्यात 'माँटेसरी' ही पाटी पाहिली की आमच्या माणसाची पावले बाहेरच थबकतात. गरिबांसाठी निघालेली विद्या अशी वरच्या मजल्यावर गेली! ती खाली आणण्याचे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाडला केले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून ताराबाईंनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, खडे, पाने वापरली. 'अंगणवाडी' या शब्दाचा जन्म असा उपेक्षितांच्या अंगणात झाला आहे, हे विसरता कामा नये.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी ५८ मुलांना रोज सकाळी अडीच तास उत्तम बालशिक्षण दिले गेले. शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईबरोबर बसत. पुढे त्या सर्व मुलांची चाळिशीपर्यंत नोंद ठेवली गेली. बुद्धिमापन चाचणीतील सुरुवातीची आघाडी काही वर्षांत ओसरली. पण बालशिक्षण मिळालेल्यांनी शाळा अधिक संख्येने पुरी केली, त्यांची कमाई अधिक राहिली, तुरुंगाशी संबंध कमी आला. वर्णाने ज्यांना दाबले त्यांना रोजच्या अडीच तासांनी हात दिला, तर जातीने ज्यांना दाबले त्यांना तो का मिळू नये?

आता थोडे स्वतःकडे पाहू. सरकारला शिव्या देऊन आपली जबाबदारी संपत नाही. आमच्यातील शिकून वर गेलेला वर्ग वस्ती सोडून गेला, तो जयंतीला परत येतो. जयंतीत आवाजाच्या भिंतींवर एका रात्रीत जो खर्च होतो, त्यात एका बालवाडीचे वर्षाचे साहित्य येते. आमच्या विहारांची दारे सकाळी वंदनेनंतर बंद होतात. दहा ते बारा तेथे वीस मुले बसली तर तथागतांना आनंदच होईल. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतला पहिला शब्द 'शिका' हा आहे, आणि त्याची सुरुवात महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जापासून होत नाही.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. तीन ते सहा वर्षांच्या शिक्षणाला शिक्षण हक्क कायद्यात हक्काचे स्थान मिळाले पाहिजे. अंगणवाडी सेविकेला आणि बालवाडीताईला शिक्षिकेचा दर्जा, प्रशिक्षण आणि पगार मिळाला पाहिजे. कागदपत्रांसाठी वेगळे माणूस द्या. पुणे महापालिकेने प्रत्येक वस्तीत बालवाडीला हवेशीर, स्वतःची खोली द्यावी. खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांना पळवाट काढण्याचा सरकारचा डाव मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हाणून पाडला, हे चांगलेच झाले; पण त्या जागेवर बसणारे मूल पायाने पक्के असले तरच ते तेथे टिकेल.

आणि वस्तीतील प्रत्येक आईबापाला, आजी-आजोबाला आमची हात जोडून विनंती आहे. पोराला कितीपर्यंत येते हे विचारू नका. संध्याकाळी भाकरी थापताना त्याला म्हणा, चार ताटल्या आण, प्रत्येकात एक भाकरी ठेव, किती राहिल्या सांग. झोपताना त्याला एक गोष्ट सांगा, आपल्या बोलीत सांगा, भीमाची सांगा, सावित्रीमाईची सांगा. बालवाडीत जाऊन ताईंना विचारा, आज काय शिकवले? फलकावर इंग्रजी आहे की मराठी, यापेक्षा आत मुले बोलतात की गप्प बसतात, ते पाहा.

परवा त्या आजीचा निरोप आला. पोरीने सात चिंचोके बरोबर मोजून दिले, आणि एक परत मागून घेतला. म्हणाली, आता सहाच राहिले. वजाबाकी तिला कोणी शिकवली नव्हती. तिच्यापुढे वाटी तेवढी कोणीतरी ठेवत गेले. पुण्यातील प्रत्येक वस्तीत अशी पोर आहे. वाटी कोण ठेवणार, एवढाच प्रश्न आहे.